खांदेरीवरच्या दिव्याचं काय करायचं?

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसायादीत घेतला. बारा किल्ले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत खांदेरी आहे याचा मला रायगडाइतकाच आनंद झाला, कारण अलिबागजवळचा हा जलदुर्ग आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. पण तेव्हापासून खांदेरीचा विषय निघाला की एक वाद हटकून निघतो. बेटावर १८६७ साली इंग्रजांनी बांधलेलं अष्टकोनी दीपगृह आहे. एक पक्ष म्हणतो, शिवरायांच्या किल्ल्यावरचा हा परक्यांचा डाग; तो हटवा, निदान त्याच्यावर पैसा घालू नका. दुसरा पक्ष म्हणतो, बेटावर लोकांना खेचेल ती गोष्ट हीच. रंगवा, रोषणाई करा, वर गॅलरीत माणसं न्या, खाली उपाहारगृह काढा. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलतात. तरीही हा वाद चुकीच्या जागी उभा आहे असं मला वाटतं. एकाला मनोरा नकोसा झालाय, दुसऱ्याला तो कमाईचा वाटतोय. त्या मनोऱ्याची आणि त्याखालच्या तटाची रोजची देखभाल कोण, कशी, कुठल्या पैशाने करणार, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

माझी भूमिका आधीच सांगतो. खांदेरीचं दीपगृह हा त्या किल्ल्याच्याच इतिहासाचा एक थर आहे. त्याचं जतन दिवा पेटता ठेवूनच व्हायला हवं. आणि तट, तोफा, वेताळाचं देऊळ, धक्का, दीपगृह या सगळ्यांचा मिळून एकच लेखी जतन-आराखडा होईपर्यंत त्या बेटावर सिमेंटचं एक पोतंही उतरता कामा नये.

खांदेरी वसली ती जागेसाठी. मुंबईच्या बंदराकडे दक्षिणेकडून येणाऱ्या गलबतांना हे बेट टाळून जाता येत नाही. १६७२ मध्ये महाराजांनी तिथे तटबंदीचा पहिला प्रयत्न केला आणि इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे तो सोडावा लागला. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि बांधकाम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांनी बेटाला वेढा घातला, ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, तीत इंग्रजांची एक गुराब, म्हणजे शिडांचं लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. तरीही वेढा चालू राहिला, आणि रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, हलक्या होड्यांनी बेटावर माणसं आणि सामान जातच राहिलं. इंग्रजांना शेवटी हात टेकावे लागले. सिद्दीने लगेच शेजारची उंदेरी ताब्यात घेतली ती खांदेरीवर नजर ठेवण्यासाठीच. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर आरमार पाठवलं, ते कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी परतवलं. १८१८ नंतर हे सगळं इंग्रजांकडे गेलं, आणि पन्नासेक वर्षांनी त्यांनी तिथे दिवा बसवला.

याच खडकावर का? महाराजांनी जे पाहिलं होतं तेच त्यांनाही दिसलं म्हणून. किल्ल्याला समुद्र दिसायला हवा, आणि दीपगृह समुद्रावरून दिसायला हवं. दोघांना एकच उंचवटा लागतो. रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या टोकाला दीपगृह आहे, देवगडच्या किल्ल्यात आहे, गोव्यात आग्वादच्या पोर्तुगीज किल्ल्यावर १८६४ चं आहे. कोकणच्या किनाऱ्यावर किल्ला आणि दिवा ही जोडी इतक्या ठिकाणी दिसते की तिला योगायोग म्हणता येत नाही. किल्ल्याची जागा किती अचूक निवडली होती याची सगळ्यात भक्कम साक्ष, माझ्या मते, त्याच जागी शत्रूला दिवा लावावा लागला ही आहे.

आता 'डाग' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा घेतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युनेस्कोने हे किल्ले निवडले ते मराठ्यांच्या लष्करी रचनेसाठी. दीपगृहाचा त्या रचनेशी काही संबंध नाही. उलट ज्या मुंबई बंदराच्या उरावर हा किल्ला बसला होता, त्याच बंदराच्या सोयीसाठी ते बांधलं गेलं. बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव अधिकृतपणे मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पन्नास वर्षं गेली. कुणी म्हणालं की आमचा इतिहास आम्हालाच इतक्या उशिरा परत मिळाला, तर त्यातली वेदना खरी आहे. बेटाची माहिती देताना आधी मायनाक भंडारी आणि महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान यावेत, मग दीपगृह यावं, हेही मला मान्य आहे.

पण म्हणून मनोरा उपरा ठरतो का? याच बारांतला पन्हाळा घ्या. त्याचा तीन दरवाजा आदिलशाहीतला, त्याआधीचा पन्हाळा शिलाहारांचा. पन्हाळ्याचा मोठेपणा सांगताना आपण या दोघांना वगळत नाही. ज्यांच्याकडून महाराजांनी तो घेतला त्यांची बांधणी दाखवल्याशिवाय घेणं कसलं होतं हेच कळत नाही. याच बारांतला विजयदुर्ग घ्या. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडले गेलेले तिथले 'साहेबाचे ओटे' गावकरी अभिमानाने दाखवतात आणि सूर्यावर हेलियमची चाहूल लागली त्या वर्षाची आठवण काढतात. ओटे इंग्रज अमदानीतलेच. मग विजयदुर्गावर जे भूषण, तेच खांदेरीवर दूषण कसं? की खगोलशास्त्र चालतं आणि नौकानयन चालत नाही?

इतिहासात याच्या उलटंही घडलेलं आहे. जगातलं सगळ्यात गाजलेलं दीपगृह, अलेक्झांड्रियाचं, भूकंपांनी कोसळलं आणि १४७७ च्या सुमारास सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला उभारला. पडलेल्या दीपगृहाचा दगड त्या किल्ल्यात गेला. आज माणसं तो किल्ला पाहायला जातात तेव्हा दिव्याची आठवण काढूनच परततात. तिथे दिव्याच्या जागी किल्ला आला, आपल्याकडे किल्ल्याच्या जागी दिवा. स्पेनमध्ये ला कोरुन्याच्या किनाऱ्यावर 'हर्क्युलिसचा मनोरा' आहे. आतला गाभा रोमन काळातला, जवळजवळ दोन हजार वर्षांचा. बाहेरचं दगडी कवच अठराव्या शतकाच्या अखेरीस चढवलेलं. शुद्ध रोमन रूप हवं म्हणून ते कवच उतरवलं असतं तर हाती पडका गाभा राहिला असता. त्यांनी दोन्ही ठेवले, दिवाही चालू ठेवला, आणि २००९ मध्ये युनेस्कोने तो मनोरा असाच्या असा वारसायादीत घेतला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि ती फार कमी लोक बोलतात. दिवा होता म्हणून दीडशे वर्षं त्या बेटावर सरकारी होडी जात राहिली. तेल, वाती, पुढे बॅटऱ्या आणि सुटे भाग पोचवावे लागत होते. दिव्याची नोंदवही भरावी लागत होती. लोखंडी चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा खांदेरीवर अजून पाहायला मिळतात. भंगाराला येईल असं लोखंड इतर किल्ल्यांवरून कुठे गेलं हे आपल्याला ठाऊक आहे. इथे ते राहिलं याचं थोडं श्रेय बेटावरच्या सततच्या वावराला आणि पहाऱ्याला द्यावं लागेल असं मी समजतो. डाग म्हणून ज्याला हिणवलं जातं, त्याने किल्ल्याची राखण केली असेल तर?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आजच्या जहाजाला दिव्याची गरज काय? उपग्रह जागा दाखवतात, पडद्यावर नकाशा असतो, आजूबाजूची जहाजंही त्यावर दिसतात. बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावातल्या मासेमाराकडेसुद्धा आज हातात मावणारं यंत्र आहे. हे सगळं खरं आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. यंत्राची बॅटरी संपते, संकेतात ढवळाढवळ होऊ शकते, आणि ढगाळ रात्री खडपांजवळून मचवा काढणाऱ्या तांडेलाला डोळ्यांनी दिसणारी एक तरी खूण हवी असते, हेही तितकंच खरं. पण माझा मुद्दा एवढ्यावर टेकलेला नाही. समजा, उद्या एकाही होडीला या दिव्याची गरज उरली नाही. तरीही तो चालू ठेवावा असं मी म्हणेन.

कारण वापर थांबला की इमारतीकडे जाण्याचं कारणच संपतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे. ते टिकलंय ते तिथून लोकल सुटते म्हणून. गळणारं छप्पर तिथे दुसऱ्या दिवशी कुणाला तरी दिसतं, कुणाची तरी अडचण होते, तक्रार होते. दीपगृहाचंही तसंच आहे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये शेवटचं माणसांचं दीपगृह स्वयंचलित झालं. माणसं गेली तशी चूल गेली, खिडक्या उघडणं-मिटणं गेलं, आणि बंद मनोऱ्यांत ओल साठू लागली. वर्षानुवर्षं रोजच्या वावराने जे आपोआप होत होतं त्यासाठी मग वेगळी कामं काढावी लागली. आपल्या कोकणात तर चार महिने हवेतच पाणी असतं. पेटता दिवा तंत्रज्ञाला बेटावर आणतो. विझलेल्या दिव्यासाठी कोण येणार, आणि किती वर्षांनी?

पैशाचं गणितही इथेच येतं. भारतीय बंदरांत येणारी जहाजं सागरी मार्गदर्शक साधनांसाठी शुल्क भरतात. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ च्या सागरी मार्गदर्शक साधने कायद्याने घेतली, त्यातही ही तरतूद कायम आहे, आणि या नव्या कायद्याने 'वारसा दीपगृह' ही कल्पनाही मान्य केली. म्हणजे दिव्याला स्वतःचा उत्पन्नाचा झरा आहे. किल्ल्याला तो नाही. तो राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तोकड्या तरतुदीवर अवलंबून आहे. दिवा उपरा ठरवून बाजूला काढला तर किल्ल्याच्या हातचा एक आधार आपणच सोडून देऊ.

आता सुरुवातीला सांगितलेला दुसरा पक्ष, पर्यटनाचा. त्याच्याशी माझं भांडण तत्त्वाचं नसून क्रमाचं आहे. बंद इमारत सगळ्यात लवकर पडते, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. थळ-अलिबागच्या होडीवाल्यांना, घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांना काम मिळायला हवं, हेही बरोबर. दहाएक वर्षांपूर्वी केंद्राने दीपगृहांच्या पर्यटन-विकासासाठी पहिली निवड केली तेव्हा तीत कान्होजी आंग्रे बेटाचं नाव होतं. २०२३ मध्ये आग्वादला पहिला भारतीय दीपगृह महोत्सव झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत देशभरातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली झाल्याचा समारंभही झाला. लोकांना दीपगृहं आवडतात, ते गर्दी करतात. पण गर्दी आल्यावर काय होतं?

मनोऱ्याचा जिना अरुंद असतो. चढणाऱ्याची आणि उतरणाऱ्याची एकाच पायरीवर गाठ पडली तर एकाला मागे जावं लागतं. एका वेळी किती माणसं वर सोडायची हा आकडा जिन्याची मजबुती आणि गॅलरीचा कठडा पाहूनच ठरायला हवा, तिकीटविक्रीवरून नव्हे. बेटावर गोडं पाणी किती लोकांना पुरेल? सांडपाणी कुठे जाईल? पावसाळ्यात चार महिने होड्या बंद. त्या काळात उपाहारगृहाच्या भिंतींकडे कोण पाहणार? आणि रोषणाईबद्दल तर मला स्पष्ट बोलायचं आहे. दीपगृहाची ओळख त्याच्या झपकाऱ्यांत असते. किती सेकंदांनी, किती वेळा, कोणत्या रंगाचा, यावरून नाविक तो दिवा ओळखतो. मनोऱ्यावर खालून रंगीत झोत सोडले तर ती ओळखच पुसट होते. दीपमाळेवर विजेची माळ चढवून पणत्या विझवाव्यात तसं ते होईल.

सगळ्यात मोठा धोका मात्र रंगरंगोटीतच आहे. जुनं दगडी बांधकाम चुन्यात झालेलं असतं. दगडी घाण्यात मळलेला चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्याच्या वाटे बाहेर पडतं आणि त्याबरोबर आलेलं मीठ दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांत, साचतं. दर्जा झिजतात, दगड वाचतो. दर दहा-वीस वर्षांनी दर्जा खरडून पुन्हा चुन्याने भरल्या की झालं. घाईच्या कंत्राटात त्या दर्जा सिमेंटने भरल्या जातात, कारण सिमेंट मिळतं, लवकर बसतं आणि उद्घाटनाच्या दिवशी झकास दिसतं. मग पाण्याची वाट बंद होते, मीठ दगडातच स्फटिक धरतं, लोणा लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून चकचकीत ऑइल पेंट लावला तर ओल आतच कोंडते. मी कोकणात एका जुन्या वास्तूचं असं 'सुशोभीकरण' झालेलं पाहिलंय. पहिल्या दोन वर्षांत सगळे खूश होते. पाचव्या पावसाळ्यात भिंतीवर हात फिरवला तर तळव्याला दगडाची भुकटी लागत होती. तो दगड आता कुठल्याच निधीने परत येणार नाही.

भिंगांचंही तसंच. जुन्या दीपगृहांत काचेच्या लोलकांची भिंगं पितळी चौकटीत बसवलेली असत. काही ठिकाणी ती पाऱ्याच्या कुंडात तरंगत फिरत, टनभर वजनाची काच एका बोटाने ढकलता यावी म्हणून. असा पारा निष्काळजीपणे हाताळला तर माणसाच्या जिवावर बेततं. दिवसा ऊन भिंगातून एकवटून आग लागू नये म्हणून पडदे ओढून घ्यावे लागत. हे सगळं कसब कीपरांच्या हातात होतं आणि ते लिहून ठेवलेलं फार थोडं आहे. निवृत्त कीपरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणं हा जतन-आराखड्याचाच भाग हवा, आणि तो लवकर व्हायला हवा. ही माणसं वय झालेली आहेत.

परदेशात याची दोन चांगली उदाहरणं आहेत. फ्रान्सचं कोर्दुआन १६११ मध्ये पूर्ण झालेलं, अठराव्या शतकात उंची वाढवलेलं, २०२१ पासून जागतिक वारसा. भर समुद्रात आहे, भरती-ओहोटी पाहूनच तिथे जाता येतं. मालकी सरकारची, व्यवस्था स्थानिक संस्थांच्या मंडळाकडे, आणि तिथे आजही रखवालदार राहतात. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून जुनी दीपगृहं नगरपालिका आणि सेवाभावी संस्थांना फुकट देऊ केली. अटी एवढ्याच, जतन करा, लोकांना पाहू द्या, आणि दिवा चालू असेल तिथे तटरक्षक दलाला त्याच्यापर्यंत जाऊ द्या. घेणारं कुणी भेटलं नाही तर लिलाव. लिलाव आपल्याकडे मला नको आहे. पण दिवा एकाकडे आणि इमारतीची देखभाल दुसऱ्याकडे असू शकते, लेखी अटींवर, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

खांदेरीवर आज किल्ला राज्याच्या संरक्षणाखाली आणि दिवा केंद्राच्या बंदर-जहाज व्यवस्थेत आहे. मनोऱ्याच्या पायथ्याजवळ भेग पडली तर ती कुणाची? भेगेला दोन फायली कळत नाहीत. म्हणून बेटाला एकच जबाबदार अधिकारी हवा, दोन्ही खात्यांनी सही केलेला एकच आराखडा हवा, आणि तिकिटाच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा तटबंदीसाठी बांधून ठेवायला हवा. आराखडे धूळ खात पडतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो अनुभवाचा आहे. त्यावर उपाय म्हणजे आराखडा छोटा ठेवणं. दर ऑक्टोबरला काय तपासायचं, मेअखेर काय पूर्ण करायचं, गवंडी कुठला, चुना कुठून, भेगांची मापं कोण घेणार. दुरुस्तीला हात लावण्याआधी दोन पावसाळे नुसतं पाहायचं, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून. पट्टी तडकली तर भेग जिती आहे, शाबूत राहिली तर जुनी.

आणि हा आराखडा ठरवताना कोळी समाजाला 'लाभार्थी' म्हणून शेवटच्या पानावर ठेवून चालणार नाही. खांदेरीवरचा वेताळ त्यांचा आहे. किल्ला हातून गेला, राज्य गेलं, बेटाचं नाव बदललं, तरी देवाला येणारी होडी थांबली नाही. बेटाच्या भोवतीचे खडप, प्रवाह, धक्क्याला होडी लावायची वेळ हे ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि मायनाक भंडारींच्या माणसांनीही याच ज्ञानावर वेढा चुकवला होता. त्यांच्या देवदर्शनाला तिकीट नको, वेळेची आडकाठी नको. यात्रेच्या दिवशी गर्दी होईल, तट चढले जातील, ही अडचण आहेच. तिचा तोडगा त्यांच्याबरोबर बसून निघेल, फलक लावून निघणार नाही.

पावसाळा ओसरल्यावर थळहून कामासाठी पहिली होडी सुटेल तेव्हा तिच्यात रंगाचे डबे आणि विजेचे झोत नसावेत. एक चुन्याचा जाणकार गवंडी, एक निवृत्त कीपर, दोन्ही खात्यांचे इंजिनिअर, वाट दाखवायला थळचा तांडेल, काचेच्या पट्ट्यांचं एक खोकं आणि एक कोरी नोंदवही, एवढं पहिल्या खेपेला पुरे.